घरच्या घरी रिकम्बंट सायकल: बेळगावात मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, टर्नर आहे, राहायला येळ्ळूरला. गेल्या चार वर्षांत तीन रिकम्बंट बनवल्या, पहिली मोडली, दुसरी भाच्याला दिली, तिसरीवरनं रोज कामाला जायलोय. शहरात गेलो आणि रेल्वे फाटक पडलं की आजूबाजूचे लोक तेच ते प्रश्न विचारतात आणि फाटक उघडेपर्यंत उत्तर पुरं होत नाही, म्हणून एकदाचं सगळं इथं लिहून ठेवायलोय. ज्याला खरंच बनवायची आहे त्यानं मापं, वेल्डिंग आणि स्टेअरिंगचं सावकाश दोनदा वाचा, बाकीचं वर वर वाचलं तरी चालेल.

प्र. काय वो मामा, ही नेमकी कसली सायकल म्हणायची?

रिकम्बंट म्हणतात. आरामखुर्चीत बसल्यासारखं पाठ टेकून बसायचं आणि पायडल बुडाखाली नसून पुढं असतात, पाय समोर ढकलायचे. वजन सगळं पाठीवर आणि मांड्यांवर विभागून जातं, तळहातावर काहीच येत नाही. आमच्या गल्लीतली पोरं 'खुर्ची सायकल' म्हणतात, मला ते नाव आवडतं.

प्र. हे हल्लीच परदेशातनं आलेलं फॅड आहे ना?

परदेशातनं आलंय पण हल्लीचं नाही. फ्रान्समध्ये शार्ल मोशे नावाचा माणूस होता, तो पायडलवर चालणाऱ्या चारचाकी गाड्या बनवायचा, त्यातनंच त्यानं दोन चाकांची आडवी सायकल काढली. ७ जुलै १९३३ ला पॅरिसमध्ये फ्रान्सिस फॉर नावाच्या रेसरनं त्या सायकलवर एका तासात ४५.०५५ किमी अंतर काढलं. आधीचा तासाचा रेकॉर्ड ऑस्कर एगचा १९१४ चा, ४४.२४७ किमी, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं कुणाला मोडता आला नव्हता. आणि फॉर हा काही पहिल्या नंबरचा रेसर नव्हता, त्यामुळं एवढा गलका झाला की १९३४ मध्ये सायकल रेसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं रेसच्या सायकलची व्याख्याच अशी केली की रिकम्बंट त्यात बसेना. तेव्हापासून मोठ्या कंपन्यांनी तिच्याकडं पाठ फिरवली, आणि ती जगली ती घरात, शेडमध्ये, गॅरेजमध्ये बनवणाऱ्यांमुळं. मला ही गोष्ट कळली तेव्हा मी उद्यमबागेकडं बघितलं, इथं गल्लीगल्लीत लेथ, फाउंड्री, वेल्डिंग, हायड्रॉलिकचं काम चालतं, अख्ख्या देशाला पार्ट जातात, मग आपण एक सायकल का बनवू नये?

प्र. मग तुमची पण तशीच पळते का?

नाही. इंटरनेटवर ताशी १४४ किमीचा व्हिडिओ बघून लोक येतात. तो रेकॉर्ड खरा आहे, २०१६ मध्ये टॉड रायकर्टनं अमेरिकेत नेवाडातल्या बॅटल माउंटनच्या सरळ सपाट रस्त्यावर १४४.१७ केला होता, पण ती सायकल माशासारख्या बंद कवचात होती आणि बनवणारे इंजिनियर होते. माझी २१ किलोची आहे, सीट बऱ्यापैकी उभी आहे. सपाट रस्त्याला समोरनं वारा असला की फरक जाणवतो, जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटला की हिंडलग्याकडं जाताना साध्या सायकलवाल्याला मान खाली घालून रेटावं लागतं आणि मी आपला बसल्या बसल्या जातो. उतारालाही चांगली पळते. चढाला मात्र साध्या सायकलीपेक्षा हळू, ते पुढं सांगतो.

प्र. मग एवढा खटाटोप कशाला केला?

मनगटासाठी. दिवसभर लेथवर उभं राहायचं आणि जाता येता साध्या सायकलवर हँडलवर वजन टाकायचं, चाळिशी ओलांडल्यावर बोटं बधिर व्हायला लागली, मान आखडायची. सायकल सोडून गाडी घेतली तर वर्षभरात पोट सुटलं आणि झोप गेली. पंधरा-सोळाव्या वर्षापासनं सायकलवर असलेल्या माणसाला सायकल सोडावी लागते तेव्हा काय वाटतं ते ज्याचं त्यालाच कळतं. रिकम्बंटवर आता बोटं बधिर होत नाहीत, एवढंच मी माझ्यापुरतं सांगू शकतो. मी डॉक्टर नाही, तुमच्या मणक्याचं तुमच्या डॉक्टरला विचारा, आणि जमलं तर बनवायच्या आधी कुणाच्या तरी सीटवर अर्धा तास बसून बघा.

प्र. पहिल्यांदा बनवणाऱ्यानं कुठला प्रकार घ्यावा?

लांब व्हीलबेसची, म्हणजे दोन चाकांत जास्त अंतर असलेली, दोन चाकी, पुढं २० इंची आणि मागं २६ इंची चाक. पुढचं चाक पायडलच्या पुढं येतं. आखूड प्रकारात उलटं असतं, पायडल पुढच्या चाकाच्याही पुढं हवेत, वळताना टाच चाकाला लागते, चेन सीटखालनं वाकवून न्यावी लागते आणि बसताना पाय उंच जातात. ती दिसायला भारी आणि शहरात वळवायला सोपी, पण पहिल्या वेळी नको. लांब सायकलला चेन जवळजवळ सरळ जाते, पाय पटकन जमिनीवर टेकतात, ब्रेक जोरात मारला तरी पुढं उलटत नाही.

तोटेही आहेत. जिन्यावरनं न्यायला अवघड, खडे बाजारात गर्दीत वळवायला दमवते, आणि पुढच्या चाकावर वजन कमी असतं त्यामुळं वाळूवर नाहीतर बारीक खडीवर पुढचं चाक सरकतं. खानापूरकडच्या तांबड्या मातीच्या रस्त्याला पाऊस पडून गेल्यावर हे लै जपायला लागतं.

प्र. मापं द्या की, आम्ही तशीच बनवतो.

माझी मापं देतो पण तशीच बनवू नका. रिकम्बंट ही शिवून घ्यायच्या कपड्यासारखी आहे, मी ५ फूट ५ इंच, तुम्ही ६ फूट असाल तर माझ्या मापात तुमचे गुडघे जातील.

आधी भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसा, पाय सरळ पुढं, बूट घालून, आणि भिंतीपासनं बुटाच्या तळव्यापर्यंत मोजा. हे सगळ्यात महत्त्वाचं माप. मग फरशीवर खडूनं पूर्ण आकाराची सायकल काढा, खरी चाकं आडवी ठेवून त्यांची बाहेरची रेघ मारा, आणि त्या चित्रावर कुशीवर आडवे होऊन बघा पाय पुरा लांब होतोय का. पायडल सगळ्यात लांब असताना गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे, पूर्ण ताठ झाला तर मागची शीर ताणते आणि जास्तच वाकला तर वाटीखाली दुखायला लागतं. मी हे चित्र पडवीत काढलं होतं आणि आठ दिवस घरातल्यांना त्यावर पाय देऊ दिला नाही.

माझे आकडे असे: दोन्ही एक्सलमधलं अंतर १६५० मिमी. पुढच्या एक्सलपासनं क्रँकचा, म्हणजे पायडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्याचा, मध्य ४६० मिमी मागं, त्यामुळं क्रँकपासनं मागचा एक्सल ११९० मिमी. क्रँकच्या मध्याची जमिनीपासनं उंची ३३० आणि सीटची ५२० च्या आसपास. सीटची पाठ आडव्या रेषेपासनं ४५ अंशावर. जास्त झोपली तर वारा कमी लागतो पण मान पुढं ओढून ठेवावी लागते आणि ट्रॅफिकमध्ये काही दिसत नाही, म्हणून नवख्यानं ४५ च्या खाली जाऊ नये. आणि सीट पुढं-मागं सरकेल अशीच करा, बोल्टला भोक न ठेवता खाच ठेवा.

प्र. सामान कुठनं आणायचं?

दोन जुन्या सायकली घ्या. एक २६ इंची गिअरची एमटीबी (माउंटन बाइक), एक पोरांची २० इंची. एमटीबीचा मागचा त्रिकोण अख्खा ठेवायचा, सीट ट्यूबच्या पुढचं कापून टाकायचं. त्यात मागच्या चाकाची खाच, ब्रेक बसायचे खुंट (बॉस), गिअरचा हुक सगळं फॅक्टरीत सरळ लावलेलं मिळतं, ते स्वतः करायला गेलात तर महिना जाईल. २० इंचीचं पुढचं चाक, चिमटा (चाक धरणारा फोर्क) आणि चिमटा बसतो ती हेड ट्यूब बेअरिंगच्या वाट्यांसकट घ्यायची. क्रँकची नळी पण जुन्या फ्रेमची कापून घ्या.

भंगारात घेताना चिमट्याचे पाय डोळ्यासमोर धरून बघा, एक पाय जरी मागं गेला असेल तर सोडून द्या. रिमचा आउट म्हणजे वाकडेपणा काढता येतो, वाकलेला चिमटा सरळ करून वापरू नका. सरकारी शाळेत पूर्वी आठवीच्या पोरांना मिळालेल्या सायकली पण भंगारात बऱ्याच येतात, मला एकीचं हँडल, स्टँड आणि मडगार्ड मिळालं, पण त्यांचा मागचा भाग सिंगल स्पीडचा असल्यानं अरुंद असतो, साधारण ११० मिमी, आणि सात गिअरच्या एमटीबीचं चाक १३५ चं. ओढून ताणून बसवू नका.

मधली मुख्य नळी नवी घ्यायची. एमएस (साधं पोलाद) चौकोनी, ४० बाय ४०, १६ गेज म्हणजे १.६ मिमी जाडी. मीटरला साधारण २ किलो भरते. पावणेदोन मीटर पुरे. गोल नळी दिसायला छान पण तिला जोडताना माशाच्या तोंडासारखी गोल खाच घासावी लागते, चौकोनीला सरळ काप चालतो आणि गुण्या लावून तपासता येते.

प्र. १८ गेज घेतलं तर हलकी होईल की?

होईल, आणि मोडेल. माझी पहिली तीच होती. १.२ मिमीची नळी, वजन वाचवायच्या नादात. वर सीटचा बोल्ट घालायला नळीच्या खालच्या बाजूला आरपार भोक पाडलं. दोन महिन्यांनी मच्छेजवळ एका खड्ड्यातनं गेलो आणि 'टक' असा आवाज आला, उतरून बघतोय तर वेल्डच्या कडेनं चीर भोकापर्यंत गेलेली. माणूस बसला की नळीचा खालचा अंग ताणला जातो, सगळ्यात जास्त ताण सीटच्या आसपास, आणि वेल्डच्या शेजारचं लोखंड तापून आधीच नरम झालेलं असतं. त्या जागी भोक म्हणजे फाडायला खूण करून दिल्यासारखं. आता मी सीटला वरनं पट्टी वेल्ड करतो, खालच्या बाजूला काही म्हणजे काहीच नाही, आणि सीटच्या मागून मागच्या एक्सलकडं दोन बारीक नळ्यांचा आधार देतो. दर महिन्याला फडक्यानं पुसून सगळे जोड उजेडात बघतो, रंगाला केसासारखी रेघ दिसली की सायकल बंद.

प्र. वेल्डिंग येत नाही, मग?

तर करून घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पण वेल्डरच्या हातात नुसतं सामान देऊन चहाला जाऊ नका. आपल्याकडं कित्येक वेल्डर कन्नड बोलणारे, आपलं कन्नड 'स्वल्प' पर्यंतच, म्हणून कागदावर चित्र आणि आकडे लिहून न्या, आकड्याला भाषा लागत नाही. माझं पहिलं काम ज्यांनी केलं ते घरांची ग्रिल करणारे होते. त्यांना तोवर ग्रिल आणि गेटचीच सवय, सायकलची नळी पातळ, साध्या आर्कनं भोकं पडत गेली. CO₂ वेल्डिंग जिथं आहे तिथं जा, पातळ नळीला तेच बरं. आर्कच असेल तर २.५ मिमीचा रॉड, करंट कमी, आणि एका ठिकाणी थांबायचं नाही.

आता क्रम. जिथं जोड येणार तिथला रंग ग्राइंडरनं पूर्ण काढायचा. जीआय म्हणजे जस्ताचा थर असलेला पाईप वापरूच नका, वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. मग दोन्ही चाकं लावून, सायकल उभी करून फक्त टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारायचे. टॅक मारल्यावर गवंड्याचा ओळंबा घ्या, हेड ट्यूबच्या मध्यावरनं सोडा, मागच्या चाकाच्या मध्यावरनं सोडा, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही अंगाला दोरा ताणून पुढपर्यंत आणा, पुढचं चाक दोन्ही दोऱ्यांच्या बरोबर मधे आलं पाहिजे. टॅक असताना हातोडीनं सरळ करता येतं, पुरा वेल्ड झाल्यावर येत नाही. आणि पुरा वेल्ड करताना एका बाजूचा एक इंच, मग समोरच्या बाजूचा एक इंच असं फिरत जायचं, नाहीतर नळी गरम बाजूला ओढली जाते.

हेड ट्यूबला आणि क्रँकच्या नळीला वेल्ड करताना आत जुन्या वाट्या तशाच ठेवा. नळी तापून अंडाकृती होते, मग नव्या वाट्या बसत नाहीत, शिवाय क्रँकच्या आट्यांवर ठिणग्या पडून आटे बाद होतात. एक लक्षात ठेवा, क्रँकच्या उजव्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे असतात. ती नेहमीसारखी फिरवून काढायला गेलात तर अजून घट्ट होत जाईल.

प्र. हँडल लै लांब दिसतंय. स्टेअरिंगचं काय गणित आहे?

इथं घाई करू नका, सगळ्यात जास्त सायकली इथं बिघडतात.

हेड ट्यूबच्या मधनं एक सरळ रेघ खाली जमिनीपर्यंत नेली असं समजा. ती रेघ जिथं जमिनीला टेकते ती जागा, चाक जिथं जमिनीला टेकतंय त्याच्या थोडी पुढं असली पाहिजे. या अंतराला ट्रेल म्हणतात. हे अंतर आहे म्हणून चाक मागनं ओढल्यासारखं येतं आणि आपोआप सरळ होतं, दवाखान्यातल्या ट्रॉलीची छोटी चाकं कशी ढकलली की वळून मागं येतात, तसंच. माझी हेड ट्यूब ७० अंशाला आहे, २० इंची चाक आणि चिमट्याचा पुढचा बाक ३५ मिमी, त्यावरनं ट्रेल साधारण ५३ मिमी येतो. ५० च्या आसपास ठेवा. चिमटा उलटा बसवला तर ट्रेल दुपटीहून जास्त होतो, बघणाऱ्याला फरक कळत नाही पण चालवणाऱ्याला हँडल सारखं एका अंगाला पडायला लागतं. हेड ट्यूब जास्त तिरकी केली, फिल्मी बुलेटसारखी, तरी हळू चालवताना हँडल तसंच पडतं.

लांब हँडलचं म्हणाल तर चिमटा पुढं आणि माणूस मागं, त्यामुळं हँडल मागं ओढून आणावं लागतं, वळताना हात बाजूला सरकवल्यासारखे होतात. दोन दिवसांत सवय होते. सीटखाली हँडल आणि रॉड एंड (दांड्याच्या टोकाचा फिरता सांधा) लावून जोडणी पण करता येते, हात आरामात लोंबतात, पण त्यात दोन सांधे वाढतात आणि ते ढिले झाले की हँडल एक सांगतंय आणि चाक एक ऐकतंय असं होतं. पहिल्या सायकलला नको. स्टेमचा, म्हणजे हँडल चिमट्याला धरणाऱ्या तुकड्याचा, जोड मात्र नुसता टॅकवर कधीच ठेवू नका, चालताना हँडल हातात आलं तर पुढं काय होईल ते सांगायची गरज नाही.

प्र. एवढी लांब चेन कुठं मिळते?

मिळत नाही, जोडायची. पुढं ४४ दात, मागं २८ दात आणि मधलं अंतर ११९० मिमी असेल तर साधारण २२६ कड्या लागतात. बाजारात ११६ कड्यांची चेन मिळते, दोन जोडल्या की २३२, भागतं. मागं ३४ चा मोठा फ्रीव्हील लावणार असाल तर अगदी काठावर येतं, तिसरी हाताशी ठेवा. दोन्ही चेन एकाच कंपनीच्या आणि एकाच वेळी घ्या, एक जुनी एक नवी जोडली की दातावर उड्या मारते.

वरची बाजू म्हणजे ओढणारी बाजू, तिला शक्यतो कुठं वाकवू नका. वाकवावीच लागली तर दात असलेली पुली लावा आणि तिचा कंस मजबूत करा, चढाला पाय दिला की त्या पुलीवर भरपूर जोर येतो. खालच्या बाजूला जोर नसतो, तिथं प्लॅस्टिकच्या नळीतनं चेन नेली तरी चालते, पँटला ग्रीस लागत नाही.

प्र. सीट विकत घेतली का?

बाजेची नवार! दोन बाजूंना अर्ध्या इंची नळीची चौकट आणि त्यावर नवार बाजेसारखी आडवी-उभी विणून घट्ट ओढलेली. घरी आजीच्या बाजेची नवार माळ्यावर पडली होती, ती धुऊन लावली. एप्रिल-मेमध्ये पाठीला हवा लागते, पावसात फोमसारखं पाणी धरून बसत नाही, आणि ढिली झाली की परत ताणायची. आधी प्लायवूडची केली होती, सहा मिमीचे दोन थर वाकवून चिकटवून, वर फोम. चढाला पाठ रेटायला लाकडी बरी असते कारण ती दबत नाही, पण घामानं शर्ट चिंब व्हायचा. बुडाखालचा भाग थोडा पुढं उचललेला ठेवा, नाहीतर ब्रेक मारला की माणूस पुढं घसरतो.

प्र. ब्रेक?

दोन्ही चाकांना व्ही ब्रेक. मागच्या ब्रेकची वायर साध्या सायकलीची पुरत नाही, टू-व्हीलरच्या वायर बनवून देणारे दुकानदार लांब बनवून देतात, फक्त टोकाची गोळी तुमच्या लिव्हरमध्ये बसते का ते तिथंच बघा. ब्रेक पूर्ण लागल्याशिवाय एकदा 'नुसतं गल्लीत फिरवून बघू' असं म्हणून बाहेर काढू नका, मी दोन जणांना हे करताना बघितलंय आणि एकाचा हात मोडला.

प्र. राजहंसगडाचा चढ चढते का? वंटमुरी घाट?

चढते, गिअर असतील तर. रिकम्बंटवर उठून उभं राहून पायडल मारता येत नाही, अंगाचं वजन पायडलवर टाकता येत नाही, जे काय ते पायाच्या ताकदीनं. म्हणून हलका गिअर लागतोच. आपल्या जुन्या काळ्या सायकलीला पुढं ४४, मागं १८ आणि २८ इंची चाक असलं तर पायडलच्या एका फेरीत ती साडेपाच मीटर जाते. माझ्या सगळ्यात हलक्या गिअरला, म्हणजे पुढं ३२ मागं ३४, एका फेरीत साधारण दोन मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी ७ किमी. आता एवढ्या कमी स्पीडला तोल सांभाळणं हीच खरी परीक्षा, खांदे सैल सोडायचे, हँडल आवळायचं नाही, पाठ सीटला दाबून ठेवायची आणि गोल गोल फिरवत राहायचं. राजहंसगड मी तिसऱ्या महिन्यात न उतरता चढलो. सीटवर पाठ रेटून जड गिअर ढकलत बसलात तर गुडघे वाजायला लागतील, ते अजिबात करू नका.

प्र. शिकायला किती दिवस?

ज्याला साधी सायकल येते त्याला पण पहिला दिवस लहान पोरासारखा जातो. व्हॅक्सिन डेपोसारखं मोकळं मैदान, पहाटे, किंचित उतार. पहिल्यांदा पायडल नाहीच, दोन्ही पाय जमिनीवर सरपटवत उताराला सोडायची. मग एक पाय पायडलवर, तो वरच्या बाजूला थोडा पुढं आणून ठेवायचा, एक जोराचा दाब द्यायचा आणि दुसरा पाय लगेच वर. दुसरा पाय उचलायला उशीर केला की पडलात. नजर लांब ठेवा, पायाकडं बघितलं की हँडल वळतं. भाच्याला एका सकाळीत आली, मला चार दिवस लागले. पाय पायडलवरनं सुटून चालत्या सायकलीखाली ओढला जाणं हा या सायकलीचा खरा धोका आहे, म्हणून चप्पल घालून चालवू नका, बूट आणि पायडलला पट्टा पाहिजेच.

प्र. ट्रॅफिकमध्ये दिसता का वो तुम्ही?

कमी दिसतो, म्हणून दिसायची सोय करायला लागते. कळकाची पाच फुटी बारीक काठी आणि वर भगव्या नाहीतर पोपटी चकाकणाऱ्या कापडाचा तुकडा, मागं लाल लाइट दिवसासुद्धा चालू, दोन्ही बाजूंना रिफ्लेक्टर टेप. आरसा सक्तीचा समजा, पाठ टेकलेली असल्यामुळं मान वळवून मागं बघता येत नाही.

उसाचा हंगाम सुरू झाला की मी अंधार पडल्यावर निपाणी-चिकोडीकडच्या रस्त्याला जातच नाही. ट्रॅक्टरला मागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगाला बाहेर आलेला, कित्येकांना मागं लाइट नसतो, आणि ड्रायव्हर उंचावर बसलेला. त्याला मी दिसत नाही हे धरूनच चालायचं. चारपदरी हायवेवरही नाही. गावागावातनं जाणारे जुने रस्ते आहेत की.

प्र. कुत्री मागं लागत नाहीत?

लागतात, आणि तोंड आपल्या कोपराच्या उंचीला येतं. थांबायचं, दोन्ही पाय टेकून उभं राहायचं, शांतपणे बोलायचं. थांबलेल्या माणसाला बहुतेक कुत्री ओळखतात.

प्र. आरटीओचं काही लागतं का?

नाही. १९८८ च्या मोटर वाहन कायद्यात मोटर नसलेली सायकल येत नाही, घरी बनवलेली असली तरी. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळं शिनोळीला महाराष्ट्रात शिरलात तरी तेच. मोटर लावणार असाल तर २५० वॉटपेक्षा कमी आणि स्पीड ताशी २५ किमीच्या आत, त्याच्या वर गेलात की ती सायकल राहत नाही, नोंदणी, लायसन, विमा सगळं आलं.

प्र. साडीवर चालवता येईल का?

साडीवर नको, पदर आणि निऱ्या चाकाजवळ लोंबतात. पंजाबी ड्रेसवर येते, ओढणी बांधून. आमच्या शेजारच्या वहिनी माझीच चालवतात, त्यांना हँडलचं वळण माझ्यापेक्षा लवकर जमलं.

प्र. खर्च सांगा की.

तिसरीला मला साधारण आठ हजार लागले. त्यातले निम्मे दोन जुन्या सायकलींचे, बाकी नळी, वेल्डिंग, दोन चेन, नवे टायर-ट्यूब, वायरी, रंग. लेथचं काम माझं मी केलं, ते धरलं नाही. टायर आणि ब्रेक रबर जुनी वापरून पैसे वाचवू नका.

प्र. आपल्या पावसात गंजत नाही का?

गंजते. चौकोनी नळीची तोंडं पट्टी वेल्ड करून बंद करा, आणि तरी सगळ्यात खालच्या टोकाला, जिथं ताण नाही तिथं, एक बारीक भोक ठेवा, आत पाणी साचलं तर निघायला. रेड ऑक्साइडचे दोन हात, मग रंग. पावसाळ्यात चेनला तांबडा चिखल लागला की रॉकेलच्या फडक्यानं पुसून तेल, दर आठवड्याला. लांब चेन म्हणजे चिखल पण दुप्पट.

प्र. शेतावर गवताचा भारा आणायला, दुधाला?

त्याला आपली जुनी काळी सायकलच. बांधावरच्या पायवाटेला पण ही चालत नाही. जे काम तिचं नाही ते तिच्यावर लादू नका.

प्र. तीन चाकी बनवता येईल का? आमच्या वडिलांना तोल जमत नाही.

हो, आणि सध्या तेच चाललंय. गल्लीतल्या एका काकांचा डावा पाय लकव्यानंतर अशक्त झालाय, त्यांना सायकल पाहिजे. पुढं एक, मागं दोन चाकं अशी करायलोय, ओढ फक्त उजव्या मागच्या चाकाला. पुढं दोन चाकं असलेली जास्त स्थिर असते पण तिची पुढची चाकं एकाच बाजूनं धरलेली असतात, साध्या सायकलचा बारीक एक्सल तिथं वाकतो, जाड एक्सलचे हब लेथवर करावे लागतात आणि दोन्ही चाकं बरोबर वळायची जोडणी वेगळी. मागं दोन असली तर अख्खा एक्सल दोन बेअरिंगवर टाकता येतो. वळताना उलटू नये म्हणून सीट खाली घेतलीय, ३५० मिमीवर, आणि उतारावर उभी करताना ब्रेक लावून ठेवायला हँडलला कडी लावतोय. डाव्या पायाला टाचेचा पट्टा आणि मागनं पोटरीला आधार देणारी पत्रा-नवारची खोबण बनवलीय, त्यांना बसवून बघितलं, पोटरी थोडी घासतेय. या रविवारी ती परत वाकवायची आहे.